गोल्डन गेट पूल : दर्शन आणि परिसर

गोल्डन गेट पूल : अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन फ्रान्सिस्को शहर आणि त्याच्या उत्तरेची मरिन काउंटी यांना जोडणारा जगप्रसिद्ध झुलता पूल. पॅसिफिक महासागर आणि सॅन फ्रान्सिस्को उपसागर यांना जोडणाऱ्या सामुद्रधुनीवर तो १९३३ ते १९३७ या काळात बांधला गेला. मधला गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधील भाग, १,२८० मी. लांबीचा असून दोन्ही मनोरे पाण्यापासून २२७ मी. उंच आहेत. पुलाची एकूण लांबी सु. २,७३७ मी. आहे. न्यूयॉर्कमधील व्हेराझानो नॅरोज पूल १९६४ मध्ये खुला होईपर्यंत हा जगातील सर्वांत लांब गाळ्याचा पूल होता. त्यानंतर बांधलेल्या अनेक पुलांनी लांबीत त्याला मागे टाकले आहे. पर्यटकांची ओढ मात्र त्यामुळे कमी झालेली नाही.

सामुद्रधुनीच्या नावाविषयी एक गैरसमज सर्वत्र रुळलेला आहे. ‘गोल्डन गेट’ म्हणजे सुवर्णद्वार हे नाव कॅलिफोर्नियातील सोन्याच्या शोधावरून पडले, असे सांगितले जाते. वास्तविक हे नाव जॉन सी. फ्रेमाँट या सैनिकी सर्वेक्षकाने दिले आणि ते त्याने १८४८ मध्ये अमेरिकी सिनेटला सादर केलेल्या भौगोलिक वृत्तांतात आढळते. बायझँटियमच्या (आजच्या इस्तंबूलच्या) बंदराला प्राचीन काळी ‘क्रिसोसेरास’ म्हणजे सोन्याचे शिंग म्हणत; त्या धर्तीवर त्याने या सामुद्रधुनीला ‘क्रिसोपायली’ हे ग्रीक नाव योजले. पूर्वेकडील व्यापारासाठी हे बंदर किती मोक्याचे ठरेल, हा त्यामागचा विचार होता. नाव नेमके केव्हा सुचले याबाबत एकमत नाही. काही अभ्यासक १८४६ हे वर्ष देतात, तर काही वृत्तांताच्या प्रकाशनापलीकडे जात नाहीत. सोने जानेवारी १८४८ मध्ये सापडले असले, तरी ती बातमी पूर्वेकडे पोहोचून लोकांची धाव सुरू होण्याआधीच वृत्तांत लिहून झालेला होता. त्यामुळे नावाचा उगम बंदराच्या उपमेत शोधणारे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याच्या पुष्कळ आधी, १७७५ च्या ऑगस्टमध्ये, हुआन मान्वेल दे आयाला याचे ‘सॅन कार्लोस’ हे जहाज या मुखातून आत शिरले होते. आणि त्याहीपूर्वी दक्षिण किनाऱ्यावर ओलोनी व उत्तरेस कोस्ट मिवॉक लोकांची वस्ती होती. उपसागराच्या पूर्व काठावरील फ्रीमाँट हे शहर याच सर्वेक्षकाच्या नावाने ओळखले जाते. तेथे व आसपासच्या गावांत आज अनेक मराठी कुटुंबे राहतात आणि पुण्या-मुंबईहून आलेल्या आईवडिलांना पहिल्याच शनिवार-रविवारी पूल दाखवायला नेतात.

पुलाच्या रचनेचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. दक्षिण टोकाच्या प्रांगणात प्रमुख अभियंता जोझेफ स्ट्राउस यांचा पुतळा उभा आहे आणि बहुसंख्य पर्यटक त्यांनाच पुलाचे निर्माते मानून पुढे जातात. स्ट्राउस यांची चिकाटी निर्विवाद आहे. वर्षानुवर्षे त्यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला आणि नोव्हेंबर १९३० मध्ये साडेतीन कोटी डॉलरच्या रोख्यांना मतदारांची संमती मिळाली, त्यात त्यांचा वाटा मोठा होता. तथापि १९२१ मध्ये त्यांनी सादर केलेला आराखडा आजच्या पुलाचा नव्हता. तो पुढे झेपावणाऱ्या तुळया आणि झुलता गाळा यांचे मिश्रण असलेला, दिसायला अत्यंत अवजड असा होता. निव्वळ झुलत्या पुलाचा आग्रह न्यूयॉर्कचे लिऑन मोइसेफ यांनी धरला. योझेफ मेलान या ऑस्ट्रियन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलेला विक्षेप सिद्धांत मोइसेफ यांनी मॅनहॅटन पुलासाठी (१९०९) वापरला होता. या सिद्धांतानुसार भार पडल्यावर मुख्य दोर आपला आकार बदलतात आणि त्या बदलामुळेच त्यांची भार पेलण्याची क्षमता वाढते. हे गणितात धरले की डेकखालची (पुलावरील रस्त्याखालची) कैची, म्हणजे पोलादी सांगाडा, पुष्कळ सडपातळ ठेवता येते. वाऱ्याच्या आडव्या दाबालाही मोइसेफ यांनी हेच तत्त्व लावले. पुलाची आजची नाजूक रेषा त्या गणितातून आलेली आहे.

हे गणित प्रत्यक्ष करणारा माणूस चार्ल्स एलिस हा होता. ग्रीक भाषा व गणित यांचा अभ्यासक असलेले एलिस इलिनॉय विद्यापीठात संरचना अभियांत्रिकी शिकवत असत आणि १९२२ मध्ये ते स्ट्राउस यांच्या कचेरीत आले. मनोऱ्यांचे ताण, दोरांचा कल, वारा व तापमान यांचे परिणाम अशी असंख्य समीकरणे त्यांनी सोडवली. ती सोडवताना एलिस व मोइसेफ यांच्यात तारांद्वारे विचारविनिमय चालू असे. काम लांबते आहे या कारणाने स्ट्राउस यांनी १९३१ च्या अखेरीस त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवले आणि पुढे कामावरून दूर केले. त्यानंतरही एलिस बिनपगारी आकडेमोड करीत राहिले, कारण मनोऱ्यांविषयी त्यांचे समाधान झालेले नव्हते. स्ट्राउस यांच्या १९३८ च्या अंतिम अहवालात एलिस यांचा उल्लेखही नाही. पुलाचे व्यवस्थापन करणाऱ्या संस्थेने २००७ मध्ये त्यांचे योगदान अधिकृतपणे मान्य केले आणि २०१२ मध्ये, पुलाच्या पंचाहत्तरीला, त्यांच्या नावाचा फलक तेथे लागला. उपलब्ध पुराव्यांवरून पाहता रचनेचे मुख्य श्रेय एलिस व मोइसेफ यांचे, आणि पूल प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय स्ट्राउस यांचे, असे मानणे न्याय्य ठरेल. पुतळ्यासमोर छायाचित्र घेणाऱ्याने तो फलक शोधून वाचावा, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते. मोइसेफ यांच्या बाबतीत एक दुःखद नोंद अशी की याच विचारसरणीवर त्यांनी रचलेला टॅकोमा नॅरोज पूल १९४० मध्ये वाऱ्याने कोसळला. त्यानंतर गोल्डन गेट पुलाच्या डेकखाली १९५४ मध्ये आडव्या कैच्या बसवून तो अधिक ताठ करण्यात आला.

दक्षिणेच्या मनोऱ्याचा पाया किनाऱ्यापासून सु. ३३५ मी. आत, उघड्या समुद्राच्या लाटांत घ्यावा लागला. ऑगस्ट १९३३ मध्ये दाट धुक्यात एक मालवाहू जहाज बांधकामासाठी उभारलेल्या मचाणवजा पुलावर आदळले. या पायाखालचा सर्पेंटाइन खडक टिकणार नाही, असा आक्षेप स्टॅनफर्डचे भूवैज्ञानिक बेली विलिस यांनी घेतला होता. सॅन अँड्रियास भ्रंशाला त्याचे नाव देणारे अँड्र्यू लॉसन हे प्रकल्पाचे सल्लागार होते आणि त्यांनी खडक भक्कम असल्याचे मत दिले. लॉसन यांचा निर्णय आजवर खरा ठरला आहे. १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपातही पुलाला इजा झाली नाही. भविष्यातील मोठ्या धक्क्यांसाठी मात्र १९९७ पासून टप्प्याटप्प्याने बळकटीकरण हाती घेण्यात आले. बांधकामाच्या वेळी डेकखाली जाळे ताणलेले असे आणि त्याने १९ कामगारांचे प्राण वाचवले. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक मचाण निसटून जाळ्यासह खाली गेले आणि दहा जण मृत्युमुखी पडले. पूल २७ मे १९३७ रोजी प्रथम पादचाऱ्यांसाठी आणि दुसऱ्या दिवशी वाहनांसाठी खुला झाला.

पाहण्याची खरी रीत पायी जाण्याची आहे. पूर्वेकडील, म्हणजे शहर व उपसागराच्या बाजूचा पदपथ चालणाऱ्यांना दिवसा खुला असतो; रात्री त्याची दारे बंद होतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर सु. २.७ किमी. असून परत येणे धरले तर दीड-दोन तास सहज लागतात. निघण्यापूर्वी दक्षिण प्रांगणात ठेवलेला मुख्य दोराचा तुकडा पाहून घ्यावा. व्यास सु. ९२ सेंमी. असलेल्या अशा प्रत्येक दोरात २७,५७२ तारा आहेत. एकेक तार शिसपेन्सिलीहून बारीक असून दोन्ही दोरांतील तारांची एकत्रित लांबी सु. १,२९,००० किमी. भरते. एवढे जाड दोर तयार करून वर चढवणे अशक्य असल्याने तारा जागच्या जागीच, किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत फिरणाऱ्या चाकांनी ओढून नेल्या, मग आवळून गोल केल्या आणि वरून वेटोळे दिले. मनोऱ्याला वळसा घालताना हात लावला, तर रंगाच्या थराखाली रिव्हेटची, म्हणजे पोलाद जोडणाऱ्या खिळ्यांची, गोल डोकी ओळीने हाताला लागतात. एका मनोऱ्यात असे सु. सहा लाख रिव्हेट आहेत.

मराठीत ‘झुलता पूल’ म्हणताच हिमालयातील पायाखाली डोलणारे पूल डोळ्यांसमोर येतात. येथे तसा झोका जाणवत नाही. गाळ्याच्या मध्यावर क्षणभर कठड्याला टेकून उभे राहिल्यास अवजड बस जाताना येणारा थरकाप तेवढा तळव्यांना कळतो, आणि सांध्यांवरून जाणाऱ्या चाकांचा धडधडाट कानी पडतो. रचनेतच मात्र मोठ्या हालचालीची सोय केलेली आहे. मधला गाळा जोरदार वाऱ्यात ८ मी.हून अधिक बाजूला सरकू शकतो आणि भार व उष्णतेने ३.३ मी. पर्यंत खाली येऊ शकतो. पन्नासाव्या वर्धापनदिनी, २४ मे १९८७ रोजी, सु. तीन लाख माणसे एकाच वेळी पुलावर आली, तेव्हा डेकची नेहमीची कमान सपाट झालेली दिसली. माणसांची दाट गर्दी वाहनांच्या रांगेहून जड भरते. २०२० मध्ये पश्चिम कठड्याला अरुंद पट्ट्या बसवल्यानंतर पश्चिमेचा वारा जोरात असताना पूल गुणगुणू लागला आणि तो स्वर दूरवर ऐकू गेला. पुलावरून उडी घेणाऱ्यांना वाचवण्यासाठी दोन्ही बाजूंना खाली पसरलेले पोलादी तारांचे जाळे २०२४ च्या सुरुवातीस पूर्ण झाले. कठड्यावरून वाकून पाहिल्यास ते दिसते.

धुके हा येथील दर्शनाचा अविभाज्य भाग आहे. कॅलिफोर्नियाच्या किनारी डोंगररांगेला समुद्रसपाटीवर पडलेली ही एकच मोठी खिंड. उन्हाळ्यात आतील मध्य खोऱ्यातील तापलेली हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठी किनाऱ्यालगतच्या थंड पाण्यावरची ओलसर हवा या खिंडीतून आत ओढली जाते. जून ते ऑगस्टमध्ये भर दुपारी मनोऱ्यांची फक्त टोके वर दिसावीत, असे वारंवार घडते. मे महिन्याच्या सुट्टीनंतर आलेले पाहुणे सुती कपड्यांत कुडकुडतात. स्वेटर किंवा वारा अडवणारे जाकीट हवेच. स्वच्छ आकाशासाठी सप्टेंबर-ऑक्टोबर अधिक चांगले. धुक्यात पुलाचे भोंगे दोन वेगळ्या स्वरांत वाजतात, एक गाळ्याच्या मध्यावरून आणि दुसरा दक्षिण मनोऱ्याच्या पायथ्याकडून. पुलाचा नारिंगी-तांबडा रंगही धुक्यात उठून दिसतो. नौदलाला काळे-पिवळे पट्टे हवे होते. कारखान्यातून आलेल्या पोलादावरचा तांबडा अस्तररंग वास्तुविशारद अर्व्हिंग मॉरो यांच्या मनात भरला आणि ‘इंटरनॅशनल ऑरेंज’ ही छटा कायम झाली.

परिसरात दक्षिणेकडे पुलाच्या कमानीखालीच फोर्ट पॉइंट हा विटांचा किल्ला आहे (१८५३–६१). तो पाडण्याऐवजी त्याच्यावरून पोलादी कमान नेण्याचा निर्णय झाल्यामुळे वाचला. किल्ल्याच्या गच्चीवरून पुलाचे पोट दिसते, ते इतर कोठूनही इतके जवळून दिसत नाही. पूर्वीची लष्करी छावणी असलेले प्रेसिडिओ १९९४ पासून राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तेथील क्रिसी फील्डच्या सपाट किनाऱ्यावरून पूल पूर्ण लांबीने दिसतो. पश्चिमेस बेकर बीच. उत्तर टोकाला व्हिस्टा पॉइंट असून तेथून चढणीच्या रस्त्याने बॅटरी स्पेन्सर या जुन्या तोफखान्याच्या जागी जाता येते. उत्तर मनोरा येथे अगदी समोर उभा ठाकतो आणि त्यामागे शहर मांडलेले असते.

फिशरमन्स वॉर्फजवळ भाड्याने सायकल घेऊन पूल ओलांडायचा, पलीकडे उतरणीवरील सॉसालिटो गावात जेवायचे आणि फेरी बोटीने शहरात परतायचे, हा प्रघात लोकप्रिय आहे. मोटारीचा पथकर फक्त दक्षिणेकडे, म्हणजे शहरात शिरताना लागतो आणि मार्च २०१३ पासून तो रोखीने घेतला जात नाही. भाड्याची मोटार असेल, तर तो कसा भरायचा हे गाडी ताब्यात घेतानाच विचारून ठेवावे. शहराच्या बाजूला गाडी उभी करायला सुट्टीच्या दिवशी जागा मिळणे कठीण जाते. २८ क्रमांकाची शहर बस थेट दक्षिण प्रांगणापाशी थांबते.