परसबाग चालते रात्रीच्या हिशेबावर

मार्च सरत आला तरी मराठवाड्यातल्या रोपवाटिकांत टोमॅटोची रोपं विकायला असतात आणि हौसेनं घेणारेही असतात. रोपं जगतात, वाढतात, फुलतातही. मग एके दिवशी देठासकट फुलं गळायला लागतात. पाणी कमी पडलं असेल म्हणून माणूस पाणी वाढवतो, खत टाकतो, कुणीतरी सांगितलेलं ताक शिंपडतो. फुलं गळतच राहतात.

कारण त्या दिवसाचं नसतंच. टोमॅटोच्या कळीत परागकण घडतात ते फूल उमलण्याच्या साधारण आठ-दहा दिवस आधी. त्या दिवसांत दुपारी पारा 38-40 अंशांवर गेला आणि रात्रीही 25च्या खाली उतरला नाही, तर बरेच पराग वांझ निघतात. आज गळालेल्या फुलाचा निकाल गेल्याच आठवड्यात लागलेला असतो. फळ धरायला टोमॅटोला 15 ते 20 अंशांची रात्र मानवते आणि तशा रात्री आपल्याकडे दिवाळीनंतर सुरू होतात, होळीच्या आसपास संपतात. उन्हाळ्यात एखादं फळ धरलंच तर ते धड लाल होत नाही. लाल रंग देणारं लायकोपीन 30-32 अंशांच्या वर नीट तयार होत नाही, पिवळी-केशरी द्रव्यं मात्र बनत राहतात. म्हणून मे महिन्यातला टोमॅटो पिकूनही पिवळट दिसतो.

बागेचं बोलताना आपण सगळे उन्हाबद्दल बोलतो, रात्रीकडे कुणाचं लक्ष नसतं. झाड दिवसभर साखर तयार करतं आणि जगण्यासाठी त्यातली काही रात्री श्वसनात जाळतं. तापमान 10 अंशांनी वाढलं की हा खर्च जवळजवळ दुप्पट होतो. परभणी-नांदेडकडच्या मे महिन्यातल्या रात्री अंगणात झोपलेल्या माणसाला घामाघूम करतात, तेव्हा शेजारच्या वाफ्यातलं टोमॅटोचं झाडही दिवसाची कमाई उधळत असतं.

रात्रीची लांबीही झाड मोजतं. पानांतलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य उजेड-अंधाराची नोंद ठेवतं. मराठवाड्यात डिसेंबरचा दिवस जेमतेम 11 तासांचा आणि जूनचा 13 तासांहून थोडा मोठा. फरक दोन-सव्वादोन तासांचाच, पण झाडांना तेवढा पुरतो. अंबाडी घ्या. मृगात पेरलेली अंबाडी दिवस मोठे असेपर्यंत नुसता पाला देत राहते, खुडावा तितका फुटतो. पावसाळा सरताना रात्री लांबल्या की ती फुलावर येते. हीच अंबाडी ऑक्टोबरात पेरली तर वीतभर असतानाच कळ्या धरते आणि भाकरीबरोबर खायला पाला काही उरत नाही. पालक आणि कोथिंबिरीचं नेमकं उलट. दिवस मोठे आणि गरम झाले की त्या घाईनं फुलांचा दांडा काढतात. मार्चमध्ये पेरलेली कोथिंबीर बारीक, झालरीसारखी पानं काढून धण्याच्या वाटेला लागते ती यामुळे. तिला सावली दिली, गार पाणी दिलं, तर आठवडाभर पुढे ढकलता येतं, इतकंच. मला विचाराल तर एप्रिल-मेमध्ये कोथिंबिरीसाठी जीव काढण्यात अर्थ नाही.

जुन्या लोकांचं नक्षत्रांवर पेरण्याचं गणित इथे उपयोगी पडतं. मृग, आर्द्रा, हस्त ही नक्षत्रं सूर्याच्या स्थानावरून लागतात. मृग दरवर्षी 7-8 जूनच्या सुमारासच येतो. पाऊस त्याच्यासोबत येईल याची हमी मराठवाड्यात कुणी देणार नाही, पण दिवसाची लांबी मात्र दरवर्षी तीच असते.

ऊन कुठून येतं हेही ऋतूबरोबर बदलतं आणि छोट्या अंगणात याचा फटका मोठा बसतो. मे महिन्याच्या मध्याच्या आसपास मराठवाड्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, भर दुपारी सावली पायाखाली जाते. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला इतका कलतो की दक्षिणेकडच्या सहा फुटी कंपाउंडची सावली दुपारी बारालाही साडेपाच फुटांपर्यंत आत येते. उन्हाळ्यात लख्ख दिसलेला कोपरा पाहून तिथे हिवाळी टोमॅटोचा वाफा केला, तर झाडं उंच आणि लुकडी होतात, फळ धरत नाहीत. हिवाळ्याची जागा हिवाळ्यातच बघून ठरवावी. उन्हाळ्यात पश्चिमेचं, तीन-चारचं ऊन अडवलं तरी अर्धं काम होतं. त्या बाजूला तुऱ्हाट्यांचा ताटवा उभा करून दोडक्याचा वेल चढवा. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यामुळे सकाळी फिरणाऱ्या मधमाश्यांच्या भरवशावर राहू नये. वेल फुलतो पण फळ धरत नाही असं दिसलं तर दिवेलागणीला नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यावर हलके फिरवा. फुलाखाली इवलासा दोडका असतो ती मादी. सुरुवातीला नरच जास्त येतात, मोठे दिवस आणि उष्णता त्यांची संख्या आणखी वाढवतात, त्यात झाडाचा दोष नसतो.

आता माती. आपली काळी माती पाणी धरते हे खरं, पण त्यातलं बरंच इतकं घट्ट धरते की मुळांना मिळत नाही. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या ओढाताणीत बारीक मुळं तुटतात. म्हणून वाफा पूर्ण कोरडा होऊ न देणं महत्त्वाचं. वर सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट तीन-चार बोटं पसरलं की बरंच भागतं. पावसाळ्यात उलटा त्रास होतो. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरतात, हवा निघून जाते आणि मुळं गुदमरतात. वीतभर उंचीचे गादीवाफे करावेत. कुंडीत तर नुसती काळी माती भरूच नये, निम्मं तरी शेणखत आणि वाळू हवी.

याच दिवसांत कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. गंमत अशी की मातीत लोह भरपूर असतं, पण चुनखडीच्या, अल्कधर्मी जमिनीत ते विरघळत नाही. कुंडीत गंजके खिळे पुरायचा उपाय सर्रास सांगितला जातो, पण विरघळतच नाही त्यात आणखी भर घालून काय होणार? लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारलं की फरक पडतो.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. भरलेला वाफा मे महिन्यात दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी पितो, हिवाळ्यात याच्या निम्मं. दहा बाय दहा फुटांचा वाफा म्हणजे सुमारे 9 चौरस मीटर, म्हणजे उन्हाळ्यात रोज 60-70 लिटर. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागात हा आकडा आधी मनात धरून मगच उन्हाळी वाफा किती मोठा करायचा ते ठरवावं. कपडे धुतलेलं पाणी काळ्या मातीत सतत सोडू नका. साबणाच्या पावडरीतल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरायचं थांबतं. आरओच्या टाकाऊ पाण्यात क्षार दाटलेले असतात, तेही टाळावं. भाज्या-डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी खुशाल घाला.

भेंडी मात्र उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दोन्ही वेळा येते. तिचा शत्रू म्हणजे पांढरी माशी. तिनं पसरवलेल्या विषाणूमुळे पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. परभणीच्या कृषी विद्यापीठानं भेंडीचा एका रानटी भाऊबंदाशी संकर करून 1985 साली ‘परभणी क्रांती’ हे वाण दिलं, ते या रोगाला तोंड देणारं म्हणून देशभर गेलं. पुढे विषाणूही बदलले आणि तिचा कणखरपणा पूर्वीसारखा राहिला नाही. रोगट झाड दिसताच उपटून टाकणं हा उपाय अजूनही सगळ्यात खात्रीचा.

भर उन्हाळ्यात पालेभाजी हवीच असेल तर मेथी-पालक सोडून तांदुळजाकडे वळा. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर उष्णता वाढली की चुकून ऑक्सिजन पकडू लागतं आणि मेथी-पालकाची मेहनत वाया जाते. तांदुळजा, राजगिरा, ज्वारी, मका यांच्या पानांत कार्बन डायऑक्साइड आधी साठवून रुबिस्कोपाशी दाटीनं सोडायची सोय असते, त्यामुळे त्यांची चूक फारशी होत नाही. घोळ ही पालेभाजी तर याच्याही पुढे. पाण्याचा ताण पडला की ती पानांची छिद्रं दिवसा मिटून घेते, रात्री उघडते आणि मिळालेला कार्बन मॅलिक आम्लाच्या रूपात सकाळपर्यंत साठवते. दिवसा ते आम्ल खर्ची पडतं. म्हणून ताणावरची घोळ पहाटे खुडली तर आंबट लागते, संध्याकाळी खुडली तर सौम्य. डाळीत घालायची असेल तर सकाळची घ्यावी, चिंच कमी लागते.