कर्णविकार व श्रवणदोष : प्राथमिक आरोग्यसेवेतील निदान व उपचार

कान ठणकणे, कान वाहणे, दडे बसणे आणि कमी ऐकू येणे या तक्रारी घेऊन रुग्ण बहुधा प्रथम सामान्य डॉक्टरांकडे येतो. यांपैकी बऱ्याच तक्रारींचा उलगडा ऑटोस्कोप (कानात पाहण्याचे दिव्याचे उपकरण) आणि ५१२ हर्ट्‌झचा नादकाटा (ठोकल्यावर एकच स्वर देणारा धातूचा दुशाखी काटा) या दोन साध्या साधनांनी तिथेच होऊ शकतो. कानात डोकावून न पाहता थेंब लिहून देणे ही मात्र सहज टाळता येणारी, पण कधीकधी फार महागात पडणारी चूक होय.

प्रौढांची बाह्य कर्णनलिका सुमारे २.५ सेंमी. लांब आणि किंचित वाकडी असते. कर्णपाळी वर व मागे ओढली की ती सरळ होते. तान्ह्या मुलाची मात्र खाली व मागे ओढावी लागते. ऑटोस्कोप धरलेल्या हाताची करंगळी रुग्णाच्या गालावर टेकलेली असावी, म्हणजे मुलाने एकाएकी मान हलवली तरी टोक आत रुतत नाही. निरोगी पडदा मोत्यासारखा राखाडी असतो व त्याच्या पुढच्या-खालच्या भागात प्रकाशाचा त्रिकोणी कवडसा दिसतो. पडदा लाल होऊन बाहेर फुगला असेल, तर मध्यकर्णाचा (पडद्यामागच्या पोकळीचा) तीव्र दाह संभवतो. तो निस्तेज, आत ओढलेला आणि मागे बुडबुडे असलेला दिसला, तर आत द्रव साचला आहे असे समजावे.

कानातला मळ हा आजार नव्हे. त्रास होत असेल किंवा पडदा दिसत नसेल तरच तो काढावा. थेंबांनी काही दिवस मऊ केल्यावर पिचकारीने काढताना पाणी ३७° से.च्या आसपास असावे, कारण थंड किंवा गरम पाण्याने रुग्णाला गरगरते. पडद्याला भोक असल्यास किंवा तशी शंका असल्यास पिचकारी वर्ज्य आहे. कानात बी अडकले असेल तरी पाणी मारू नये, कारण ते फुगते. बटन सेल अडकला असेल, तर ऊती काही तासांतच भाजत असल्याने रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात पाठवावे.

कर्णपाळी हलवताच कळ येत असेल, तर दाह बहुधा नलिकेचा असतो. त्याला थेंब आणि कान कोरडा ठेवणे बहुधा पुरते. मधुमेही व्यक्तीला रात्री झोपू न देणारा ठणका असेल, तर संसर्ग हाडापर्यंत गेल्याची शंका घ्यावी. मध्यकर्णाच्या तीव्र दाहात आधी वेदना शमवावी. सहा महिन्यांखालील बाळाला प्रतिजैविक लगेच द्यावे, पण सौम्य त्रास असलेल्या मोठ्या मुलाच्या बाबतीत ४८ ते ७२ तास वाट पाहता येते. वारंवार वाहणारा कान स्वच्छ कापडाच्या वातीने टिपून कोरडा करावा, वात भिजली की बदलावी आणि मगच थेंब घालावेत. पू साचलेल्या कानात औषध आत पोहोचतच नाही. स्रावाला घाण वास येत असेल आणि भोक पडद्याच्या वरच्या कडेला असेल, तर कोलेस्टीटोमाचा (मध्यकर्णात वाढून हाड पोखरणाऱ्या त्वचेच्या गाठीचा) विचार करून तज्ज्ञाकडे पाठवावे. कानामागे सूज येणे किंवा चेहरा वाकडा होणे ही तातडीची लक्षणे आहेत.

एका कानाला अचानक ऐकू येईनासे होणे, म्हणजे तीन दिवसांच्या आत श्रवण खालावणे, हे सर्वांत सहज निसटणारे निदान आहे. सर्दीने दडे बसले असावेत, असे समजून रुग्णाला परत पाठवले जाते आणि उपचाराचे दिवस वाया जातात. येथे नादकाटा उपयोगी पडतो. वाजता काटा कपाळाच्या मध्यावर टेकवला असता मळ किंवा द्रव यांमुळे बंद झालेल्या कानातच आवाज मोठा वाटतो. अंतःकर्ण किंवा श्रवणचेता बिघडली असेल, तर तो चांगल्या कानाकडे जातो. पडदा निरोगी दिसत असून आवाज चांगल्या कानाकडे जात असेल, तर रुग्णाला त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे. स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत, सुरू होईल तितका बरा.

नवजात बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, दोषाचे निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारांची सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, असा संकेत आहे. उशीर झाला की भाषाच मागे पडते. वार्धक्यात उच्च वारंवारतेचे ध्वनी आधी हरपतात, म्हणून ‘स’, ‘फ’ यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि “ऐकू येते, पण कळत नाही” अशी तक्रार सुरू होते. अशा व्यक्तीला श्रवणयंत्र लवकर सुचवावे आणि यंत्र मिळाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा बोलवावे, कारण यंत्राच्या तोंडाशी मळ अडकल्यामुळे ते बंद पडल्यासारखे वाटून कायमचे बाजूला ठेवले जाते.