समान कोण आणि सारखे कोण

‘सगळी माणसं समान’ असं म्हटलं की कुणीतरी हमखास विचारतं, ‘पाची बोटं सारखी असतात का?’ नसतात. पण करंगळी दारात चेमटली तर ती अंगठ्यापेक्षा कमी दुखते का? विषय समान असण्याचा होता, उत्तर आलं सारखं असण्याचं.

शाळेतली भूमिती आठवा. 4 सेंटीमीटर बाजूचा चौरस घ्या आणि शेजारी 8 सेंटीमीटर पाया, 4 सेंटीमीटर उंचीचा त्रिकोण काढा. दोघं एकरूप नाहीत, समरूपही नाहीत. क्षेत्रफळ मात्र दोघांचं 16 चौरस सेंटीमीटर. म्हणजे समान म्हटलं की ‘कशात?’ हे सांगावं लागतं. माणसांपुरतं ते संयुक्त राष्ट्रांच्या 10 डिसेंबर 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्याच कलमात आहे: प्रतिष्ठा आणि हक्क. सगळ्यांची ताकद किंवा कमाई सारखी असते, असा दावा तिथे नाही.

गंमत म्हणजे समतेची बाजू घेणारेही हीच गफलत करतात. कुठल्याही दोन माणसांचा डीएनए 99 टक्क्यांहून जास्त सारखा, म्हणून सगळे समान, असं सांगतात. आकडा खरा आहे, पण मला हा युक्तिवाद लंगडा वाटतो. उद्या तो 98 निघाला तर हक्क कुणाचे कापायचे?

सारखं वागवलं म्हणजे समान वागवलं, असंही नाही. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पाय मुरगळलेले मोठे साहेब आधी आले, मागून छातीत कळ घेऊन सफाई कामगार. आधी आत जाईल कामगार. येण्याचा क्रम मोडला, पण कसोटी दोघांना एकच लागली. उद्या साहेबांच्या छातीत कळ आली तर तेच आधी जातील.

मतदानात याच्या उलट. माणसं कितीही वेगळी असोत, मत प्रत्येकाला एकच. हे फार उशिरा पटलं. शिकलेल्यांना जास्त मतं असावीत, असं एकोणिसाव्या शतकातल्या जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंतासारख्या स्वातंत्र्याच्या कैवाऱ्यालाही वाटे. ब्रिटनमध्ये विद्यापीठाच्या पदवीधरांना आणि धंद्याची वेगळी जागा असणाऱ्यांना दुसरं मत देता येई. ते गेलं त्या जाहीरनाम्याच्याच वर्षी, 1948 च्या ब्रिटिश कायद्याने. पदव्या आणि पेढ्या ज्याच्या त्याच्याकडे राहिल्या.