'कृपया थांबा' म्हणणारी चौकट : पार्श्वभूमी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे आटोपले की अडत दुकानात पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाची हिशेबाची बिलं, करायची घाई उडते. गेल्या हंगामात आमच्याच अ‍ॅपमध्ये एका शेतकऱ्याची 41 पोती दोनदा चढली. दिवाणजींनी 'सेव्ह' दाबलं, बटणाशेजारी बारीक चक्र फिरत राहिलं, नेट मंद होतं. "नुसतं फिरतंय ओ, काय व्हईना झालंय," म्हणत त्यांनी परत दाबलं. चूक दिवाणजींची नव्हती. तिचं मूळ शोधताना 2017 सालच्या एका निर्णयापाशी येऊन थांबावं लागतं: अँड्रॉइडमधली 'कृपया थांबा' म्हणणारी चौकट यापुढे वापरू नका, असं सांगणारा.

काम चालू आहे हे दाखवायची सोय फोनच्या आधीची. संगणकावर वाळूचं घड्याळ होतंच, आणि किती टक्के झालं ते सांगणारी पट्टी लोकांना हवीशी वाटते हे 1985 च्या एका अभ्यासात दिसलं होतं. अँड्रॉइडवर प्रश्न जास्त टोकदार झाला, कारण पडदा रंगवणं आणि बोटाचा स्पर्श ऐकणं एकाच मुख्य थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच रांगेत, चालतं. तो थ्रेड अडकून स्पर्शाला पाच सेकंद उत्तर मिळालं नाही, की 'अ‍ॅप प्रतिसाद देत नाही' अशी पाटी येते. म्हणून 2009 मध्ये, अँड्रॉइड 1.5 सोबत, एसिंकटास्क हा तयार कोड आला. लांबचं काम मागे ढकलायचं, आधी प्रोग्रेसडायलॉग, म्हणजे 'कृपया थांबा'ची चौकट, दाखवायचा, काम झालं की काढायचा. माझ्या पिढीने अँड्रॉइड शिकलं ते याच जोडीवर.

ही चौकट आली की मागचा पडदा मंद व्हायचा, मधोमध चक्र आणि 'कृपया थांबा', आणि मागचं एकही बटण दाबता यायचं नाही. तिचे दोषही खरे होते. फोन आडवा केला की अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे अ‍ॅपचा चालू पडदा, नव्याने तयार व्हायची, चौकट जुनीलाच चिकटलेली राहायची, आणि काम संपून ती काढायला गेलं की अ‍ॅप बंद पडायचं. शिवाय साधा फोटो उघडायलाही लोक तीच लावत. 2017 च्या अँड्रॉइड 8.0 मध्ये, म्हणजे प्रोग्रामरांच्या क्रमांकाने एपीआय 26 ला, ती 'डेप्रिकेटेड' ठरली, म्हणजे 'यापुढे वापरू नका' असा शेरा तिला मिळाला. कारण दिलं ते असं, की ती वापरणाऱ्याला अ‍ॅपमध्ये दुसरं काही करू देत नाही. त्याऐवजी पडद्यातच प्रोग्रेसबार ठेवा, नाहीतर नोटिफिकेशन द्या.

या शब्दाने बराच घोळ घातला. आपल्याकडे त्याचं 'कालबाह्य' झालं, आणि कालबाह्य म्हणजे मेलेलं असा अर्थ घेतला गेला. प्रत्यक्षात डेप्रिकेटेड क्लास, म्हणजे तयार कोडचा तुकडा, चालतो, फक्त एडिटरमध्ये त्याच्या नावावर आडवी रेघ येते. त्या रेघेला घाबरून अनेकांनी चौकट उपटली आणि जागी चक्र ठेवलं. यादी, फोटो, बातम्या यांच्यासाठी ते योग्यच झालं. पण चौकट दोन कामं करत होती: थांबा सांगणं आणि दुसऱ्यांदा दाबू न देणं. निर्णयात अडवणं हा दोष म्हणून आला. पैशाच्या नोंदीत तेच अडवणं राखण होतं. माझ्या मते हे तिथेच स्पष्ट लिहायला हवं होतं.

पुढे मजकूर येईपर्यंत त्याच्या जागी दिसणारे करड्या पट्ट्यांचे सांगाडे आले, 2020 मध्ये अँड्रॉइड 11 सोबत एसिंकटास्कही डेप्रिकेटेड झाला, मागे काम चालवायची नवी पद्धत, कोरूटीन, रुळली. पैसे पाठवताना पूर्ण पडदा व्यापून 'मागे जाऊ नका' सांगणारी अ‍ॅप आता सर्रास दिसतात. म्हणजे अडवणं परत आलं, जुन्या क्लासशिवाय.

आमच्याकडे आता पहिल्या दाबालाच बटण करडं होतं आणि त्यावर 'पट्टी चढतेय' असं येतं. पाठवण्याआधी फोनवरच प्रत्येक पट्टीला वेगळा क्रमांक मिळतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर दुसरी नोंद घेत नाही. त्या 41 पोत्यांची जादा नोंद मात्र दिवाणजींसमोर बसून हाताने काढावी लागली.