नोंदणी वेगळी, नावनोंदणी वेगळी: व्यवसाय कराच्या दोन दाखल्यांचा घोळ

'मी ते जीएसटी भरस ना भो, मंग हाई पीटी कसाले?' हा प्रश्न चोपड्यापासून शहाद्यापर्यंत कुठल्याही बाजारपेठेत ऐकू येतो. पीटी म्हणजे प्रोफेशन टॅक्स, आपला व्यवसाय कर. उत्तर एका ओळीचं आहे. 2017 साली व्हॅट, प्रवेश कर, ऐषाराम कर असे बरेच कर जीएसटीत गेले, व्यवसाय कर गेला नाही. तो 1975 च्या राज्य कायद्याने लागतो, आजही वेगळा भरावा लागतो, आणि घटनेच्या कलम 276 मुळे एका माणसाकडून वर्षाला 2,500 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. नगरपालिकेच्या घरपट्टीशी त्याचा काही संबंध नाही. गुमास्ता परवान्याशीही नाही.

हा गोंधळ किरकोळ आहे, एकदा सांगितला की सुटतो. दुसरा मात्र वर्षानुवर्षं सुटत नाही, आणि तो घालणाऱ्यांत शिकलेले अकाउंटंटही आहेत. व्यवसाय कराचे दाखले दोन: पीटीआरसी (रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट) आणि पीटीईसी (एनरोलमेंट सर्टिफिकेट). मराठीत पहिल्याला 'नोंदणी दाखला' म्हणतात, दुसऱ्याला 'नावनोंदणी दाखला'. ज्याने ही नावं ठरवली त्याने दुकानदाराचा विचार केला नव्हता, एवढं नक्की. 'नाव' ही दोन अक्षरं वाचताना डोळ्यांखालून निसटतात आणि माणूस समजतो की आपण नोंदणी केली, विषय संपला.

पीटीईसी बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून तो उरकून घेऊ. धंदा किंवा व्यवसाय करणाऱ्याने स्वतःचा भरायचा तो हा कर. जीएसटी नोंदणी असलेला व्यापारी, डॉक्टर, वकील, कंपनी, कंपनीचा संचालक, भागीदारीतला प्रत्येक भागीदार यांना वर्षाला 2,500. आधीपासून नाव असेल किंवा 31 मेपर्यंत लागलं असेल, तर 30 जूनच्या आत. त्यानंतर नाव लागलं तर दाखल्याच्या तारखेपासून एक महिना. चलन भरलं की काम झालं, याला रिटर्न नसतं. पाच वर्षांचे एकदम भरायचे तर 12,500 ऐवजी 10,000 त भागतं. धंदा स्थिर असेल तर हाच मार्ग घ्यावा, दर जूनची धावपळ वाचते.

आता पीटीआरसी. हा कर तुमचा नाहीच. तो तुमच्या नोकराचा आहे, तुम्ही फक्त त्याच्या पगारातून कापून सरकारकडे पोचवायचा. खान्देशात अडत, म्हणजे शेतमाल विकून देण्याची दलाली, ज्याला कळते त्याला हे समजायला अडचण पडू नये. शेतकऱ्याचा माल विकून त्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) करताना हातात आलेला सगळा पैसा अडत्याचा नसतो. त्याची फक्त अडत. पीटीआरसीतले पैसे म्हणजे पट्टीतले पैसे, पीटीईसी म्हणजे अडत्याने स्वतःच्या खिशातून दिलेले. पट्टीचा पैसा स्वतःच्या खर्चात धरणाऱ्या अडत्याला कोणी शहाणा म्हणणार नाही. तरी टॅलीत 'प्रोफेशन टॅक्स' या एकाच खात्यावर दोन्ही चलनं खर्च म्हणून टाकणाऱ्या पेढ्या पैशाला पासरी आहेत. पगार पूर्ण खर्चात धरला असताना त्यातूनच कापलेला कर पुन्हा खर्चात दाखवला, तर एकच रक्कम दोनदा वजा होते. कापलेला कर देणे खात्यात जमा करायचा, चलन भरलं की तिथूनच नावे टाकायचा. खर्चात जातो तो फक्त पीटीईसी.

कोणाच्या पगारातून कापायचा? पुरुषाचा महिन्याचा पगार 7,500 पर्यंत असेल तर काही नाही. 7,501 ते 10,000 असेल तर महिना 175. त्यापुढे महिना 200, आणि फेब्रुवारीत 300. बाईच्या पगारावर 25,000 पर्यंत काहीच नाही, त्यापुढे तोच 200 आणि 300 चा दर. बाईंसाठीची ही मर्यादा 1 एप्रिल 2023 पासून आहे, त्याआधी 10,000 होती. पगारपत्रकाची जुनी एक्सेल फाइल वर्षानुवर्षं पुढे सरकवणाऱ्यांच्या पत्रकात अजूनही तीच 10,000 बसलेली सापडते, आणि 14,000 पगाराच्या बाईकडून दरमहा 200 कापले जातात. ती तक्रार करत नाही, कारण पगारातून कापलं ते सरकारने कापलं असंच तिला वाटतं.

जळगावातल्या एखाद्या कापड दुकानाचं उदाहरण घ्या. मुनीम 12,000 वर, काउंटरवरचा मुलगा 9,500 वर, साड्या दाखवणाऱ्या बाई 14,000 वर. मुनिमाचे 200, मुलाचे 175, बाईंचे शून्य, म्हणजे महिना 375. फेब्रुवारीत मुनिमाचे 300 झाले, मुलाचे 175 च राहिले, म्हणजे 475. वर्षाचा हिशेब मुनिमाचे 2,500, मुलाचे 2,100, एकूण 4,600. इथे दोन चुका ठरलेल्या. एक म्हणजे 200 गुणिले 12 करून 2,400 भरणे आणि शंभर रुपयांसाठी पुढे नोटीस घेणे. दुसरी म्हणजे फेब्रुवारीचा 300 चा नियम 175 वाल्यालाही लावणे.

दिवाळीचा बोनस यात धरायचा नाही. कायद्यातल्या पगाराच्या व्याख्येतून बोनस आणि ग्रॅच्युइटी दोन्ही वगळली आहेत. दिवाळीच्या महिन्यात मुलाच्या हातात 19,000 पडले म्हणून त्याचे 175 चे 200 होत नाहीत. मात्र नियमित मिळणारे भत्ते धरायचे. मूळ पगार 7,000 आणि वर 2,000 'प्रवास' असं पत्रकात मांडून सुटता येत नाही. अधूनमधून, कामापुरत्या लावलेल्या मजुराच्या मजुरीवर हा कर नाही. पण तोच मजूर बाराही महिने हजेरीवर असेल तर त्याला 'रोजंदारीचा' म्हणून भागत नाही.

मालक यात कुठे? कुठेच नाही. मालक स्वतःचा नोकर नसतो, त्यामुळे त्याचं नाव पीटीआरसीच्या पत्रकात येऊ शकत नाही. भागीदाराला पेढीतून मिळणारा मोबदला जमाखर्चात 'पगार' म्हणून लिहिला असला तरी भागीदार नोकर होत नाही. त्याच्या 'पगारातून' 200 कापणं चूक, त्याने स्वतः 2,500 भरायचे. बाप आणि दोन मुलं भागीदार असतील तर तिघांचे तीन स्वतंत्र दाखले, मिळून 7,500. नवरा-बायको संचालक असलेल्या खासगी कंपनीत कंपनीचे 2,500, दोघांचे प्रत्येकी 2,500. 'कंपनीने भरला, आमचा त्यातच आला' हे वाक्य फार वेळा कानावर येतं, आणि ते दर वेळी चूक असतं. संचालक कंपनीकडून पगार घेत असेल आणि त्यातून वर्षाचे पूर्ण 2,500 कापले जात असतील, तर मात्र त्याला दुसऱ्यांदा भरावे लागत नाहीत. एका माणसाला एका वर्षात 2,500 च्या वर द्यायचं नाही, ही मर्यादा तिथे उपयोगी पडते.

दोन्हींतला फरक नेमका पकडायचा असेल तर सत्तरीतल्या दुकानदाराकडे बघा. 65 वर्षांवरील माणसाला व्यवसाय कर माफ आहे, 40 टक्के किंवा जास्त कायम अपंगत्व असलेल्यालाही. म्हणजे या दुकानदाराला पीटीईसी नको. तो खुशीत सांगतो, 'मला पीटी माफ आहे.' पण त्याच्याकडे 12,000 चा नोकर असेल तर पीटीआरसी लागतोच, कारण माफी मालकाला मिळाली, नोकराला नाही. उलटही खरं: तिशीतल्या मालकाकडे 67 वर्षांचा मुनीम असेल तर मुनिमाचे काही कापायचे नाहीत, मालकाला स्वतःचे 2,500 चुकत नाहीत.

आणि कापलेच नाहीत तर? 'पोरगा गरीब आहे, कशाला कापायचे' असं म्हणणारा मालक मनाने चांगला असतो. कायदा मात्र त्याला सोडत नाही. कापा किंवा कापू नका, नोकराचा कर भरण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. मनाने द्यायचे असतील तर पगार वाढवून द्या, पत्रकात कपात दाखवा आणि चलन भरा.

पीटीईसीसारखं इथे नुसत्या चलनावर भागत नाही, फॉर्म तीन-ब चं रिटर्न लागतं. आधीच्या वर्षाचा एकूण कर एक लाखाच्या आत असेल तर वर्षाला एकच रिटर्न, 31 मार्चपर्यंत. एक लाख किंवा जास्त असेल तर दरमहा, त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत. 10,000 च्या वरच्या पगाराचे 40 पुरुष कामगार वर्षभर असले की बरोबर एक लाख होतात. एमआयडीसीतल्या चटईच्या किंवा डाळीच्या कारखान्याने कामगार 39 वरून 40 वर नेताना हे ध्यानात ठेवावं. दाखला नवा असेल तर रक्कम कितीही छोटी असो, पहिलं आर्थिक वर्ष मासिकच. वर सांगितलेल्या कापड दुकानाचा कर जेमतेम 4,600, तरी पहिल्या वर्षी त्याला दरमहा रिटर्न भरावं लागतं. बहुतेक विलंब शुल्क याच पहिल्या वर्षात चढतं.

महिन्याच्या नावाचीही एक गंमत आहे, खरं तर जाचच. मे महिन्याच्या रिटर्नमध्ये एप्रिलचे पगार असतात आणि ते 31 मेपर्यंत जातं. म्हणूनच वार्षिक रिटर्न मार्च ते फेब्रुवारीच्या पगारांचं असतं, एप्रिल ते मार्चचं नाही. जीएसटीची सवय असलेला माणूस इथे हमखास एक महिना सरकवतो. मग एक महिना दोनदा भरला जातो आणि एक रिकामा राहतो.

रिटर्नला उशीर झाला तर पहिल्या 30 दिवसांत 200, पुढे 1,000, आणि हे दर रिटर्नला. बारा मासिक रिटर्न राहिली तर 4,600 च्या करावर 12,000 विलंब शुल्क. करावरचं व्याज वेगळं: पहिल्या महिन्याला सव्वा टक्का, पुढच्या दोन महिन्यांना दीड, त्यापुढे दोन टक्के दरमहा. दाखलाच उशिरा काढला तर पीटीआरसीला दिवसाला 5 रुपये, पीटीईसीला 2 रुपये दंड. जबाबदारी सुरू झाल्यापासून 30 दिवसांत अर्ज केला की हा प्रश्नच येत नाही. पीटीईसी कधी काढलाच नव्हता अशांच्या मागच्या वसुलीला चार वर्षांची मर्यादा आहे. दहा वर्षांचं दुकान असलेल्याने त्या भीतीने अर्ज लांबवू नये.

हातात दोन्ही कागद असतील तर ओळखायचं कसं? आकड्यावर बघा. पीटीआरसीचा क्रमांक 27 ने सुरू होतो, पीटीईसीचा 99 ने. दोन्हींच्या शेवटी इंग्रजी पी असतो, आणि त्या पी वर विसंबूनच लोक चुकीचा क्रमांक चलनात घालतात. मालकाचे 2,500 मग 27 वर जमा होतात, 99 वर थकबाकी दिसत राहते, आणि जूनमध्ये वेळेवर पैसे भरलेल्या माणसाला व्याजासकट मागणीची नोटीस येते. असं झालंच तर चलनाची प्रत जोडून व्यवसाय कर अधिकाऱ्याकडे दुरुस्तीचा अर्ज करायचा. नोटीस यायची वाट बघत बसू नये. महाजीएसटीच्या संकेतस्थळावर एमटीआर-6 चलन करताना पहिले दोन आकडे मोठ्याने वाचायची सवय लावली तरी यातलं बरंच टळतं.

रावेर, सावदा, फैजपूरच्या केळी व्यापाऱ्यांसाठी एक वेगळी नोंद. बऱ्हाणपूरच्या गोदामात कायम बसणारा मुनीम महाराष्ट्राच्या पत्रकात धरायचा नाही. मध्य प्रदेशचा व्यवसाय कर वेगळा, कायदा वेगळा, दर वेगळे. नंदुरबारच्या व्यापाऱ्याचा सुरतेला बसणारा माणूस गुजरातच्या हिशेबात जातो. पेढी कोणाची यापेक्षा माणूस काम कुठे करतो हे बघायचं.

शेवटचा नोकर काम सोडून गेला की 27 चा दाखला रद्द करून घ्या, नाहीतर शून्याचं रिटर्न भरायचं राहतं आणि त्यालाही विलंब शुल्क लागतं. 27 रद्द झाला म्हणून 99 आपोआप रद्द होत नाही, त्याचा अर्ज निराळा. दुकानाला कुलूप लावून मुलाकडे पुण्याला राहायला गेलेल्या माणसाच्या नावापुढे खात्याच्या नोंदीत दर जूनला 2,500 चढत राहतात, तो अर्ज देईपर्यंत.