कपाशीतलं तण, पानगळ आणि वेचणीयंत्र

कापूस हातानं वेचला जात होता तोवर वेचणीसाठी शेत तयार करणं असं वेगळं काम नव्हतं. वेचणारी बोटं पान चुकवतात, तण बाजूला सारतात आणि फुटलेल्या बोंडातला कापूस तेवढा काढतात. यंत्राला ही निवड येत नाही. हिरवं पान यंत्राच्या फिरत्या चात्यांत चिरडलं की रुईवर डाग पडतो, कापूस ओल धरतो. गवताचे तुकडे तर जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करतानाही, नीट सुटत नाहीत. तणाचा बंदोबस्त आणि पानगळ, म्हणजे वेचणीआधी मुद्दाम पानं गाळणं, ही आज दोन वेगळी कामं वाटतात, पण दोन्हींना आजचं रूप दिलं ते वेचणीयंत्रानं.

अमेरिकेत रस्ट बंधूंनी १९३६ मध्ये मिसिसिपीतल्या स्टोनव्हिल इथं आपलं वेचणीयंत्र चालवून दाखवलं. १९४४ मध्ये क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यात पेरणीपासून गाठी बांधेपर्यंत सगळं यंत्रानं झालेलं पीक निघालं. तरी खरी अडचण निंदणीची होती. विरळणी, निंदणी आणि वेचणी करणारी माणसं तीच असायची. वेचणी यंत्राकडे गेली तरी निंदणीला माणसं लागणारच असतील, तर यंत्राचा फायदा अर्धाच. म्हणून ओळींतलं तण ज्वाळेनं भाजण्याची अवजारं आली. काही ठिकाणी हंससुद्धा सोडले, कारण ते गवत खातात आणि कपाशीला सहसा तोंड लावत नाहीत. पुढे १९५० च्या दशकात डाययुरॉन हे तणनाशक आणि १९६० च्या दशकात पेरणीपूर्वी मातीत मिसळायचं ट्रायफ्ल्युरालिन हे दुसरं तणनाशक आलं, तेव्हा कुठे खुरपं मागे पडलं.

पानगळीची सुरुवात १९३० च्या दशकाच्या अखेरीस झाली. कॅल्शियम सायनामाइड हे खत दवानं ओल्या पानांवर पडलं की पानं गळतात, हे तेव्हा लक्षात आलं. पुढे ट्रायब्युफॉस, थायडायझ्युरॉन ही पानं गाळणारी औषधं आणि बोंडं उघडायला मदत करणारं इथेफॉन आलं. या कामातलं मर्म मला फार मोलाचं वाटतं: पान जिवंत असतानाच गळायला हवं. देठाच्या बुडाशी पानाला झाडापासून सोडवणारा पेशींचा विलगथर तयार व्हायला वेळ लागतो. मात्रा जास्त झाली तर पान आधीच करपतं आणि झाडालाच चिकटून राहतं, मग त्याचा चुरा रुईत जातो. साधारण ६० टक्के बोंडं उघडल्यावर फवारणी करण्याचा ठोकताळा याच सावधपणातून आला. ॲब्सिसिक आम्ल या वनस्पतींच्या संप्रेरकाचा शोधही याच प्रश्नाच्या मागे लागून लागला. १९६३ मध्ये शास्त्रज्ञ ॲडिकॉट आणि सहकाऱ्यांनी ते कपाशीच्या कोवळ्या बोंडांतून वेगळं केलं.

या औषधांची किंमत माणसांनीही मोजली. मध्य आशियातल्या कापूसपट्ट्यात ब्युटिफॉस हे पानगळीचं औषध विमानानं फवारलं जायचं, वस्त्यांच्या अगदी जवळही. सोव्हिएत संघानं ते १९८७ मध्ये बंद केलं.

१९९७ मध्ये ग्लायफोसेट हे तणनाशक सोसणारी कपाशी आली आणि तणाचा प्रश्न मिटल्यासारखा वाटला. एकाच औषधावर सगळा भार टाकला गेला. २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात त्याला न जुमानणारा पामर राजगिरा हे तण सिद्ध झालं. त्याच्या एका मादी झाडाला लाखो बिया येतात. पानगळीनंतर जमिनीवर ऊन पोचलं की उरलेलं तण पुन्हा जोर धरतं, आणि वेचणीयंत्र त्याचं बी शेतभर पसरवतं. त्यामुळे जॉर्जियातल्या शेतांत हातानं तण उपटणारी माणसं पुन्हा दिसू लागली.