स्तनवर्धन शस्त्रक्रिया: इम्प्लांटबद्दल आधी हे वाचा

"एकदा बसवलं की जन्मभराचं काम झालं ना?" नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या क्लिनिकमध्ये हा प्रश्न हमखास येतो. नाही ताई, इम्प्लांट म्हणजे स्तनात बसवायची जेलची किंवा मिठाच्या पाण्याची पिशवी, आणि ती जन्मभराची नसते. कुणाचं दहा वर्षांत बदलावं लागतं, कुणाचं वीस वर्षंही चालतं. कधीतरी दुसरी शस्त्रक्रिया लागेल असं धरूनच ठरवा, खर्चाचा अंदाजही तसाच बांधा.

ही शस्त्रक्रिया इथवर आली ती बायकांनी बरंच सोसल्यावर. १८९५ मध्ये जर्मनीत चेर्नी या सर्जननी एका रुग्णाच्या अंगावरचीच चरबीची गाठ काढून तिच्या स्तनात बसवली. पुढे मात्र पॅराफिन (मेणासारखा पदार्थ) आणि नंतर पातळ सिलिकॉन थेट सुईने टोचायची पद्धत आली. त्यातून गाठी झाल्या, जखमा चिघळल्या, काहींचे स्तन काढावे लागले. आजही कुणी स्वस्तात सिलिकॉनचं इंजेक्शन देतो म्हणालं, तर तिथून उठा.

१९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला क्रोनिन आणि जेरो या डॉक्टरांनी टिमी जीन लिंडसी यांना सिलिकॉन जेलची पहिली पिशवी बसवली. त्या खरं तर छातीवरचं गोंदण काढायला गेल्या होत्या. लवकरच मिठाच्या पाण्याच्या पिशव्याही आल्या. १९९२ मध्ये अमेरिकेने सुरक्षिततेच्या शंकेवरून जेल इम्प्लांटवर कडक निर्बंध घातले आणि बऱ्याच अभ्यासानंतर २००६ मध्ये ती पुन्हा खुली केली.

पूर्वीचं जेल पातळ असायचं, पिशवी फाटली की पसरायचं. आताचं घट्ट असतं, आकार धरून राहतं. तरी पिशवी फाटू शकते, आणि बाहेरून काही कळतही नाही. म्हणून पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय, पुढे दर दोन-तीन वर्षांनी. दुखत नाही म्हणून तपासणी टाळू नका. शरीर इम्प्लांटभोवती जे आवरण तयार करतं ते आवळून स्तन कडक होणं ही तक्रार आजही पूर्ण गेलेली नाही.

खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी एका दुर्मीळ लिम्फोमाचा (रोगप्रतिकारक पेशींच्या कॅन्सरचा) संबंध आढळला, आणि २०१९ मध्ये अशी काही इम्प्लांट जगभरातून परत मागवली गेली. त्यामुळे कोणतं इम्प्लांट बसवणार हे आधी विचारा. कंपनी, प्रकार आणि क्रमांक लिहिलेलं कार्ड मागून घ्या, आधार कार्डासारखं जपा. काही वर्षांनंतर एका बाजूला अचानक सूज आली तर लगेच दाखवा.

थोडाच फरक हवा असेल तर पोटाची किंवा मांडीची चरबी काढून स्तनात भरता येते. त्यातली काही चरबी शरीर शोषून घेतं, म्हणून कधी दोनदा भरावी लागते.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड उचलायचं नाही. निफाड-दिंडोरीकडच्या ताईंनी द्राक्षाचा हंगाम उरकूनच तारीख घ्यावी. क्रेट उचलून टाके ताणले जातात. बाळाचा विचार असेल तर तेही सांगा, छेद कुठे घ्यायचा ते त्यावर ठरतं. येताना जुने रिपोर्ट, चालू औषधांची यादी आणि घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर झाला असल्यास ती माहिती सोबत आणा. पहिल्या भेटीत तारीख ठरवायची घाई आम्ही करत नाही, तुम्हीही करू नका.